पायरी सोडून

१४ एप्रिल

चिरंजीव भावोजी,

'चिरंजीव' लिहून झाल्यावर वाटलं, खोडावं. मग ठेवलं तसंच. तुम्ही खूप जगावं, केस पिकून दात पडेपर्यंत जगावं, आणि डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहावं, एकूण एक गोष्ट आठवत राहावी, असं मला अगदी मनापासून वाटतं. तेव्हा तो शब्द खोटा नाही.

तुम्ही माझा नंबर बंद करून ठेवलाय. ऑफिसात फोन केला की ती गोड आवाजाची मुलगी 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' म्हणते. इतक्या मीटिंगा घेऊन तुम्ही बोलता तरी काय, देव जाणे. म्हणून कागद घेतला. फोन कापता येतो. पाकीट मात्र हातात घ्यावं लागतं, आणि वरचं अक्षर घरच्या माणसाचं असलं की फाडायच्या आधी माणूस एकदा तरी वाचतोच. तुम्ही तर वाचालच. तुमचा स्वभाव लहानपणापासून भित्रा, असं तुमचे दादा सांगायचे.

तुमचे सख्खे दादा आणि माझा नवरा हा एकच माणूस होता. तुम्हाला आठवण करून द्यावी लागते, म्हणून लिहिते.

तुमच्या कंपनीचं नवं माहितीपत्रक आज आमच्या बीजखोलीत, जिथे मी शेवाळाचं बी वाढवते तिथे, येऊन पडलं. गुळगुळीत कागद, वरच्या पानावर तुम्ही, हाताची घडी, मागे निळं पाणी. खाली लिहिलंय, 'समुद्री शेवाळ कार्बन पोटात घेतं, आम्ही ते शेवाळ समुद्राच्या तळाशी ठेवतो. तिथे गेलेलं शेकडो वर्षं परत येत नाही.' वाचून मी इतक्या जोरात हसले की टाक्या धुणाऱ्या पोरी घाबरल्या. एकीने पाणी आणून दिलं.

भावोजी, हे वाक्य माझं आहे. तुम्ही तेव्हा पाण्याचे पंप विकत फिरत होतात. याच बीजखोलीत, त्या मोडक्या स्टुलावर बसून तुम्ही विचारलंत, 'वहिनी, हे शेवाळ नेमकं करतं काय हो?' मी तुम्हाला रिळं दाखवली, दोऱ्यावर चिकटलेली बारीक तपकिरी लव दाखवली. म्हटलं, ही लव दोरीवर गुंडाळून समुद्रात सोडली की उन्हावर भराभरा वाढते. वाढताना पाण्यात विरलेला कार्बन ओढून घेते. पाण्यात तो कमी पडला की पाणी हवेतून आणखी घेतं. मग ते शेवाळ कापायचं, दगड घालून गाठोडी बांधायची आणि अगदी खोल, थंड, काळोख्या पाण्यात सोडायची. वरचं पाणी आणि तिथलं पाणी शेकडो वर्षं एकमेकांत मिसळत नाही. त्यामुळे तिथे गेलेलं परत येत नाही. तुम्ही डोळे मोठे करून ऐकलंत, आणि पुढच्या वर्षी धूर सोडणाऱ्या कारखान्यांना 'तुमचा एवढा कार्बन आम्ही बुडवला' अशी आमच्या गाठोड्यांची प्रमाणपत्रं विकायला लागलात. मला राग नव्हता. घरचाच माणूस मोठा होतोय, म्हणत होते मी. तुमचे दादा तर तुमची बोट चालवायला लागल्यापासून कॉलर ताठ करून फिरायचे.

डिसेंबरात तुम्ही फोटोवाल्यांना घेऊन त्याच बोटीवर चढलात. गाठोडं पाण्यात सुटलं, दोराचा वेढा दादांच्या पायात अडकला, आणि गाठोड्याबरोबर तेही गेले. वायरलेसवरून तुम्हीच कळवलंत, खोल पाण्यात गेले म्हणून. शोधायला गेलेल्या जहाजांनी तुम्ही सांगितलेल्या जागी दोन दिवस घिरट्या घातल्या आणि हात वर केले. इतक्या खोल पाणबुडे उतरत नाहीत, म्हणाले.

आई अजून कडी न लावता झोपतात. 'पोहणारा पोरगा आहे, कुठे तरी लागला असेल काठाला,' म्हणतात. मी काय बोलू? माझ्याकडे दाखवायला काही नाही. मला ते परत हवेत, भावोजी. जसे असतील तसे. आईंना एकदा त्यांच्यापाशी बसून रडता यावं, आणि मलाही.

वहिनी


२ मे

भावोजी,

उत्तर नाही. बरं.

काल संध्याकाळी धक्क्याच्या पलीकडच्या किनाऱ्यावर शेवाळाचा ढीग येऊन पडला. कमरेएवढा, कुजका, वास असा की नाक धरावं. मी त्यातून चालत गेले, कारण माझं सगळं आयुष्य त्याच वासात गेलंय. पायाखाली फुगे फटाफट फुटत होते. शेवाळाच्या पानांना ते लिंबाएवढे हवेचे फुगे असतात ना, ज्यांच्यामुळे ते पाण्यावर उभं राहतं, तेच. चार पावलं गेले आणि वाकून एक फुगा हातात घेतला.

तुम्ही विसरला असाल, म्हणून पुन्हा स्टुलावर बसा. खोल पाण्याचा दाब असा असतो की तळाला टेकायच्या कितीतरी आधी हे फुगे चिरडून जातात. चिरडलेला फुगा परत फुगत नाही. आणि हे सगळे टम्म होते! त्यातच काथ्याच्या दोरीचे तुकडे होते, निळा धागा विणलेले. तो निळा धागा आपल्याच बांधणीत असतो, दुसऱ्या कुणाच्या नाही.

म्हणजे आपली गाठोडी खोल गेलीच नव्हती. कुठे तरी उथळ पाण्यात पडली, कुजली, दोर सुटले, फुग्यांनी त्यांना वर आणलं. जेवढा कार्बन आपण कैद केला म्हणून सांगितलं, तो बुडबुडे होऊन हवेत परत गेला. प्रमाणपत्रं मात्र फ्रेम करून त्या कारखान्यांच्या भिंतींवर लटकताहेत. कुणाला फसवलं की आपण म्हणतो, त्याला बुडवलं. तुम्ही काहीच न बुडवता सगळ्यांना बुडवलंत. तुमच्या हुशारीला तोड नाही.

मग गाठोडी पडतात कुठे? मी बोटीवर नसते, पण बायको बोटवाल्याची आहे. किनाऱ्यापासून तळ हळूहळू उतरत जातो, मग एक लांबच लांब उंचवटा लागतो, आणि त्याच्या पलीकडे एकदम कडा तुटतो. बोटीवरचे त्या उंचवट्याला 'पायरी' म्हणतात. खोल पाण्यापर्यंत जाऊन यायचं तर दीड दिवस मोडतो. पायरीपर्यंत सकाळी निघालं तर दुपारी जेवायला घरी. आता आठवतं, जायच्या आधीचं वर्षभर तुमचे दादा दुपारी घरी जेवत होते. ताटावर बसून माझ्याकडे बघायचे नाहीत. मी म्हणायचे, दमले असतील. काहीतरी पाणी मुरत होतं, आणि मी भात वाढत होते.

आता सरळ विचारते. डिसेंबरातही तुम्ही पायरीवरच होतात ना? तुमचे दादा तिथेच आहेत ना, जिथे पाणबुड्यांना सहज उतरता येतं? आणि तुम्ही सगळी जहाजं पार पलीकडे पाठवलीत, कारण 'पायरी' म्हटलं असतं तर तुमची सगळी गाठोडी उघडी पडली असती.

आणखी एक गोष्ट रोज मनात येते. दोर सुटून ते वर आले असतील तर? वर येऊन त्यांनी हाका मारल्या असतील, आणि तिथे शोधायला कुणी नसेलच तर?

ही शंका तुम्ही माझ्या घरात आणून ठेवलीत. तिचं काय करू, सांगा.

वहिनी


२३ मे

भावोजी,

पत्र मिळालं. टाईप केलेलं, कंपनीच्या कागदावर. 'आदरणीय वहिनी' वाचून वाटलं, आता पुढे सभेचं निमंत्रण असणार.

तुम्ही लिहिता, माझं डोकं दुःखाने ठिकाणावर नाही. शेवाळ काय, कुठूनही वाहत येतं. मी मुख्य ऑफिसात यावं, तिथे मला मोठी जागा देता, राहायला फ्लॅट देता. नव्या बोटीला दादांचं नाव देणार आहात. आणि शेवटी, 'कृपया पायरी सोडून लिहू नये.'

भावोजी, तुम्हाला विनोद कळत नाही हे मला ठाऊक होतं. पण हा इतका चांगला जमलाय की मी आईंना वाचून दाखवणार होते. पायरी सोडून कोण बोलतंय? तुमचं सगळं दुखणंच हे की तुम्ही कधी पायरी सोडली नाहीत! सोडली असतीत, ठरल्याप्रमाणे दीड दिवस बोट हाकली असतीत, तर आज आपण दोघं एकाच टेबलाशी बसून रडलो असतो.

त्या नव्या बोटीवरच्या नावाचं काय करायचं ते सांगते. ज्या दिवशी ते नाव रंगवाल, त्या दिवशी मी ब्रश आणि डांबराचा डबा घेऊन येईन आणि सगळ्यांसमोर ते पुसून टाकीन. म्हातारी सासू सोबत असेल, पोलीसही मला हात लावताना विचार करतील.

गाठोडी उचलून पाण्यात सोडणारी यारी चालवणारा आपला भोंगा परवा घरी आला होता. तुम्हाला माहीत आहे तो, बोटीवर दिवसभर ज्याचं तोंड बंद होत नाही म्हणून ते नाव पडलं. आता तो भोंगा पार बंद पडलाय. आईंच्या समोर बसला, चहा गार होऊ दिला, पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. मग एवढंच बोलला, 'वहिनी, साहेब म्हणाले फोटोत कंपनीचा नवा डगला दिसला पाहिजे. दादांनी वरून घातला, गळ्यापर्यंत चेन लावली. सुरी कमरेला होती. काढता आली नाही.'

म्हणजे दोर कापायची सुरी अंगावर होती. तुमच्या डगल्याखाली होती. फोटो चांगला आला का? मला एक प्रत पाठवाल?

जागेचं विचारलं तर तो मूग गिळून बसला. त्याची नोकरी तुमच्या हातात आहे, दोन मुली आहेत, मी त्याला दोष देत नाही. फोटोवाल्यांना विचारून उपयोग नाही, ते ओकून ओकून आडवे झाले होते. आणि पायरी एवढी लांब की नेमकी जागा कळल्याशिवाय पाणबुडे आयुष्यभर शोधत बसतील. म्हणजे ती जागा दोन माणसांना ठाऊक. एक बोलत नाही आणि एक खोटं बोलतो.

धक्क्यावर आता कुजबुज आहे की वहिनी दिराला पाण्यात पाहते. अगदी खरं आहे. मी सकाळी बीजखोलीची खिडकी उघडते आणि तुम्हाला पाण्यातच पाहते. दुसरीकडे कुठे पाहायला तुम्ही काही ठेवलंय का माझ्यासाठी?

वहिनी


१९ जून

भावोजी,

बदलीचं पत्र परत पाठवलंय. मी इथून हलणार नाही. मला काढायचं असेल तर काढा. बीजखोलीतली लव आठवड्याभरात मरेल, आणि पुढच्या हंगामात तुम्ही दोरीवर काय वाढवाल, गवत?

आज आईंना सगळं सांगितलं. त्यांना सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण तुमचा फोन आला. माझा बंद, त्यांचा चालू! 'आई, वहिनीच्या डोक्यावर परिणाम झालाय, तिच्याकडे लक्ष दे,' असं म्हणालात ना? आईंनी मला विचारलं, 'काय गं, तू औषध घेतेस का?' तेव्हा मी त्यांना हात धरून बसवलं. शेवाळ, फुगे, पायरी, डगला, सगळं.

त्यांनी काय केलं माहीत आहे? माझ्या तोंडात मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाल्या, 'माझा धाकटा असा नाही. तो साधं मांजर पाण्यात पडलं तरी रडायचा.' मग दुसऱ्या खोलीत जाऊन बसल्या.

बघा, तुमच्यावर इतका विश्वास आहे त्यांचा. रात्रीचं दार ज्या पोरासाठी उघडं असतं त्याला तुम्ही तळाशी सोडलंत, आणि त्याबद्दल मार मला. गाल अजून हुळहुळतोय. पण खरं सांगू? त्या मारामुळे मला एक गोष्ट कळली. ती काय, ते इथे लिहीत नाही.

वहिनी


८ जुलै

प्रिय भावोजी,

बरेच दिवस विचार केला. आई म्हणतात तेच खरं असावं. एकटं राहून माणसाच्या डोक्यात काहीबाही शिजतं. शेवाळ कुठूनही वाहून येऊ शकतं, तुमचं बरोबर आहे. रागाच्या भरात मी जे लिहिलं ते पोटात घाला. मोठी असून मी पोरकटपणा केला.

एकच मागणं आहे, तेही माझं नाही, आईंचं. त्यांना ते पाणी एकदा बघायचंय. म्हणतात, पोरगा जिथे गेला तिथे मला नेऊन उभं करा, मग मी दाराला कडी लावीन. दुसऱ्या कुणाबरोबर जायला तयार नाहीत. 'धाकटा नेईल,' म्हणतात. पाणी शांत असेल असा एखादा दिवस काढून याल का? फार लांब पडेल, त्यांना झेपणार नाही, असं वाटत असेल तर कितपत जायचं ते तुम्हीच ठरवा. त्यांना थोडंच कळणार आहे. बरोबर भोंगा असला म्हणजे झालं.

माझी कॉलेजातली एक मैत्रीण तेव्हा इकडे असेल. तिलाही घेऊन येईन म्हणते, आईंना धरायला दोन बायका बऱ्या.

जेवायला घरीच या. तुमच्या आवडीचं करते.

तुमची
वहिनी


२१ नोव्हेंबर

भावोजी,

तुमचं कोठडीतलं पत्र वकिलांमार्फत पोचलं. या वेळी हाताने लिहिलंय. अक्षर अजून शाळेतल्यासारखंच आहे.

तुम्ही विचारलंय, मी असं का केलं. 'वहिनी, तुम्ही मला घरी जेवायला बोलावलंत.' हो, बोलावलं. आणि चांगलं जेवायला घातलं. जेवणात खोट नव्हती. मैत्रीणही खरीच होती, आम्ही एका बाकावर बसून शिकलो. आता ती कंपन्यांची गाठोडी तपासायचं काम करते, एवढंच सांगायचं राहिलं.

तो दिवस तुमच्या बाजूने सांगते, कारण मी तुमच्याकडेच बघत होते, पाण्याकडे नाही. सुकाणू तुम्ही स्वतः धरलंत. आई कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या, डोक्यावरचा रुमाल वाऱ्याने फडफडत होता. किनारा दिसेनासा व्हायच्या बराच आधी तुम्ही बोट हळू केलीत. मी मनात म्हटलं, संपलं. आता हा म्हणणार, हेच ते पाणी, आणि आई मान डोलावणार, आणि माझा डाव फसणार. तुम्ही तोंड उघडलंतही होतं. तेवढ्यात आई मागे न बघता म्हणाल्या, 'आलं का रे? सांग हां मला. नाहीतर मी भलत्याच पाण्याशी बोलत बसेन.'

तुम्ही तोंड मिटलंत. बोट परत सुरू केलीत.

पुढे तुम्ही पडद्यावरच्या नकाशाकडे ढुंकूनही पाहिलं नाहीत. दीपगृह आणि त्याच्या मागची पांढरी दरड एका रेषेत आणलीत, थोडं पुढे, थोडं डावीकडे, आणि इंजिन बंद. भोंगा यारीपाशी उभा होता, त्याने डोळे मिटून घेतले. आईंनी विचारलं, 'इथेच?' तुम्ही म्हणालात, 'इथेच, आई.' आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडलात.

आत केबिनमध्ये माझी मैत्रीण खोली मापायच्या यंत्रापाशी बसली होती. तिथे पाणी इतकं उथळ होतं की तिने यंत्र बिघडलंय का म्हणून दोनदा तपासलं. तुम्ही शपथेवर लिहून दिलेलं खोल पाणी तिथून कितीतरी पुढे होतं.

आईंनी मला मारलं तेव्हा मला हेच कळलं होतं. तुम्ही सगळ्या जगाशी खोटं बोलाल, आईशी फोनवरही बोलाल, पण ती समोर उभी असताना तिला भलत्या पाण्यापुढे उभं करणार नाही. तेवढं तुमच्याने होणार नाही. तुम्ही पूर्ण नालायक असतात तर त्या दिवशी सुटला असतात, भावोजी. तुमच्यात जो थोडाफार भाऊ आणि मुलगा शिल्लक होता, त्यावरच मी नेम धरला.

पाणबुड्यांना ते दुसऱ्याच खेपेला सापडले. गाठोड्याचं शेवाळ केव्हाच कुजून गेलं होतं. दगड होते, निळ्या धाग्याचा दोर होता, बूट होते, आणि तुमचा तो डगला. चेन गळ्यापर्यंत लावलेली. दोर पायात घट्टच होता, म्हणजे ते वर आले नव्हते, त्यांनी हाका मारल्या नव्हत्या. हे कळल्यावर मी जमिनीवर लोळून रडले, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सकाळपर्यंत झोपले. आई त्यांच्यापाशी दिवसभर बसल्या. त्या रात्री त्यांनी स्वतः दाराला कडी लावली.

कंपनीची प्रमाणपत्रं रद्द झाली. तुमचे फोटो उतरले. बीजखोली दुसऱ्या लोकांनी घेतली, ते खरोखर खोल जातात, आणि तिथेही खरंच सगळं टिकतं का, हे तपासायला दरवर्षी माणसं पाठवतात. मी तिथेच आहे. लव चांगली आलीये यंदा.

आता तुमच्या मागण्याकडे येते. वकील म्हणतात, चौकशीवाल्यांपुढे वहिनींनी एवढंच सांगावं की धाकट्या भावाने कुणाच्याही जबरदस्तीशिवाय स्वतःहून जागा दाखवली. तेवढ्याने तुमची शिक्षा हलकी होईल, आई आहेत तोवर तुम्ही बाहेर याल. आणि ते खरं आहे. मला जागा ठाऊक नव्हती, भोंग्याने शेवटपर्यंत सांगितली नाही, तुम्ही दाखवलीत म्हणून कळली. हे सांगू शकणारी मी एकटी.

काल आईंनी माझ्यापुढे हात जोडले. मारलं होतं त्या हातांनी. 'एक गेला. दुसरा तरी माझ्या डोळ्यांसमोर येऊ दे. तेवढं सांग गं त्याच्यासाठी.' मी त्यांचे हात खाली केले, म्हटलं, 'सांगते, आई. काळजी करू नका.' त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि आज सकाळी मी उठायच्या आधी चहा करून ठेवला.

उद्या मला बोलावलंय. मी सांगणार आहे की बोटीत चढायच्या आधीच मी दिरांना म्हटलं होतं, मला जागा कळलीये, लपवून उपयोग नाही. म्हणून ते मुकाट्याने तिथे गेले. स्वतःहून काही दाखवलं नाही.

हे पत्र तुमच्या हातात आहे. ते चौकशीवाल्यांना दाखवलंत तर मी खोटी ठरेन आणि तुम्ही लवकर सुटाल. पण मग ते आईंपर्यंत जाणार. त्यांना कळणार की ज्या सुनेच्या घरात त्या राहतात, जिच्या हातचं खातात, तिने त्यांच्या जोडलेल्या हातांना फसवलं. तुम्ही आत, दादा नाहीत, आणि मीही त्यांच्या लेखी गेले, तर या वयात त्यांना धरायला कोण उरतं?

तुम्ही हे पत्र कुणालाच दाखवणार नाही.

वहिनी